धाव : एका जुन्या मोटारसायकलीच्या टायरचा पाठ

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी चढवतो, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. विस्तवात लाल केलेली धाव चाकावर बसवायची, लगेच पाणी ओतायचे, की ती आकसते आणि आरे, तुंबा, पाट्या यांना घट्ट आवळून धरते. इंग्रजीतल्या ‘टायर’ या शब्दाचाही मूळ अर्थ हाच, लोखंडी पट्टी. बहुतेक कोशकार तो ‘वेशभूषा’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. चाकाला नेसवलेले वस्त्र, अशी काहीशी कल्पना. रबर आल्यावर इंग्रजीने जुनाच शब्द नव्या वस्तूला दिला. मराठीने मात्र ‘धाव’ बैलगाडीपाशी ठेवली आणि ‘टायर’ उचलला. तसे पाहता गतीचा अर्थ पोटात बाळगणारा आपला शब्द अधिक देखणा होता. असो.

या लेखाचा विषय वरवर पाहता फारच किरकोळ आहे. १९८३ साली बाजारात आलेली बीएमडब्ल्यू के १०० आरएस ही मोटारसायकल आज ज्याच्याकडे आहे, त्याने तिला कोणते टायर घालावेत? जर्मनीत, इंग्लंडात, अमेरिकेत अशा गाड्या सांभाळणारी बरीच मंडळी आहेत आणि त्यांना हा प्रश्न दर काही वर्षांनी पडतो. त्याचे उत्तर शोधताना जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो, आणि त्यातला बराचसा टायरच्या कुशीवर अक्षरांत व आकड्यांत लिहिलेला असतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना हा मजकूर परका वाटू नये.

आरंभ रबरापासून. कच्चे रबर उन्हात चिकट होते, थंडीत तडकते. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधकाबरोबर ते तापवण्याची युक्ती सापडली आणि १८४४ मध्ये त्याने पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. ती चाके घोडागाडीला लावून लंडनमध्ये दाखवलीही गेली. पण सायकल अजून यायची होती, मोटार तर दूरच. कल्पना काळाच्या फार पुढे होती आणि ती विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केलेल्या खटपटीतून तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली, आणि दोन वर्षांत त्यांचे पेटंट थॉमसनमुळे रद्दबातल ठरले. नाव मात्र डनलॉपचेच राहिले. वाङ्मयेतिहासातही पहिलेपणाचा मान ज्याला वाचक मिळाले त्याच्याकडे जातो, याची उदाहरणे आपल्याला नवीन नाहीत.

सायकलीच्या त्या लाटेबरोबर रबराची मागणी भडकली. ती ज्यांनी पुरवली त्यांचा उल्लेख टायरच्या इतिहासात सहसा एका वाक्यात उरकतात. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या ‘काँगो फ्री स्टेट’मध्ये (१८८५ ते १९०८) रबराचा ठरलेला वाटा न आणणाऱ्या गावकऱ्यांचे हात तोडले जात, ओलीस धरलेल्या बायका उपाशी मरत. रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा युरोपातल्या वाचकांना आपल्या सायकलीखाली काय आहे ते कळले. हेन्री विकहॅमने १८७६ मध्ये ब्राझीलहून लंडनच्या क्यू उद्यानात नेलेल्या सुमारे सत्तर हजार बियांपैकी जी थोडी रोपे जगली, त्यांच्या वंशजांच्या लागवडी सिलोन-मलायात चिकाला येईपर्यंत हे चालू होते. टायर काळा असतो हेही आपण गृहीत धरतो. सुरुवातीचे टायर फिकट रंगाचे असत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून काजळी मिसळून रबर टिकाऊ करण्याची पद्धत रूढ झाली आणि टायर काळा झाला.

आता आतील रचना. रबराच्या आत दोऱ्यांचे थर असतात. जुन्या पद्धतीत हे थर एकमेकांवर तिरपे टाकलेले असत. याला ‘क्रॉसप्लाय’ किंवा ‘बायस’ म्हणतात. मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेऊन १९४९ मध्ये विक्रीला आणलेल्या ‘रेडियल’ टायरमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, काटकोनात जातात आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली वेगळा पट्टा असतो. कूस लवचीक, तळ ताठ. मोटारींनी हे तंत्र हळूहळू आपलेसे केले. मोटारसायकलीला मात्र ते १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मानवले नाही. याचे कारण तिच्या स्वभावात आहे. मोटार वळताना सरळ उभी असते, मोटारसायकल कलते. कलल्यावर सगळा भार टायरच्या खांद्यावर येतो, आणि रेडियलची मऊ कूस तिथे डुगडुगते. कूस बुटकी केली, पट्ट्यात नवे धागे आणले, तेव्हा कुठे हे जमले. बुटक्या कुशीला रुंद रिम हवी, म्हणून चाकेही बदलली. चाकांबरोबर मागचा दांडा आणि पुढचे काटेही बदलले. म्हणजे एका टायरने अख्खे यंत्र बदलायला लावले.

के १०० आरएस या बदलाच्या उंबरठ्यावर अलीकडच्या बाजूला उभी आहे. हीच तिची अडचण आणि हेच तिचे महत्त्व. तिची थोरली बहीण आर १०० आरएस १९७६ ची. अंगावरचे कवच वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलेले, दिवसभर वेगाने आणि न थकता दूर जावे यासाठी. ‘स्पोर्ट टूरिंग’ हा प्रकार पुढे ज्या नावाने ओळखला गेला, त्याचा पाया अशा गाड्यांनी घातला. त्या थोरल्या बहिणीचे टायर इंचांत मोजलेले : पुढे ३.२५-१९, मागे ४.००-१८. रुंदी आणि रिमचा व्यास, बस्स. उंची सांगायची गरज नव्हती, कारण ती साधारण रुंदीइतकीच असे. धाकटीवर, अवघ्या सात वर्षांनी, आपण वाचतो : पुढे १००/९० व्ही १८, मागे १३०/९० व्ही १७. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये, दुसरा टक्केवारी (उंची रुंदीच्या नव्वद टक्के), शेवटचा इंचात. मेट्रिक पद्धतीने रुंदी जिंकली, पण रिमचा व्यास अजूनही इंचाच्याच ताब्यात आहे आणि आजच्या नव्याकोऱ्या टायरवरही तीच संमिश्र लिपी चालते. राजवटी बदलतात, दप्तराची भाषा मागे रेंगाळते, तसेच हे.

त्यातले ‘व्ही’ हे अक्षर तर अर्थांतराचा उत्तम नमुना आहे. वेगाची ही अक्षरे आज एस (ताशी १८० किलोमीटर), टी (१९०), यू (२००), एच (२१०), व्ही (२४०) या क्रमाने येतात. एच मध्येच कुठून आला, असे कुणीही विचारील. एस, एच आणि व्ही हे जुने ढोबळ वर्ग. बाकीची अक्षरे नंतर त्यांच्या मधल्या जागांत भरली गेली, म्हणून वर्णक्रम मोडला. शिवाय १९८३ साली ‘व्ही’चा अर्थ होता ‘ताशी २१० च्या वर’, वरची मर्यादा मोकळी. पुढे गाड्या इतक्या वेगवान झाल्या की त्याला २४० चे कुंपण घालावे लागले आणि पलीकडच्यांसाठी इतर अक्षरे आली. अक्षर तेच, अर्थ बदलला.

तर मग या गाडीच्या मालकाने काय करावे? पहिला मोह मूळ पाठाचा. गाडी ज्या टायरवर कारखान्यातून निघाली तेच टायर, शक्य तर त्याच काळात बनलेले. प्रदर्शनात उभ्या करायच्या गाडीपुरते हे चालेल. पण रबर वाईनसारखे मुरत नाही. प्राणवायू आणि ओझोन त्याला आतून कडक करत जातात. नक्षी शाबूत दिसते, पकड गेलेली असते. आपल्याकडे ‘टायर गोटा झाला’ म्हणतात ते नक्षी झिजल्यावर. इथे नक्षी असूनही गोटाच. म्हणून कुशीवरचा चार आकडी शिक्का आधी वाचायचा. ‘३५१९’ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. तीनच आकडे असले तर तो टायर २००० च्या आधीचा, आणि त्यावर स्वार होऊ नये. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर निवृत्ती, असा सल्ला अनेक उत्पादक देतात. जुन्या मोटारसायकलीचा हा एकच भाग असा, की तो जुना असून चालत नाही.

दुसरा मोह आधुनिकीकरणाचा : रेडियल घालू, रुंद घालू. इथे गणित आडवे येते. या गाडीची मागची रिम २.७५ इंचांची. तिच्यावर रुंद टायर चढवला तर तो दोन्हीकडून चिमटला जातो, त्याचा माथा टोकदार होतो आणि कलताना रस्त्याला टेकणारा भाग उत्पादकाने योजलेला राहत नाही. १३०/९० च्या जागी १४०/८० घालणारे अनेक आहेत. दोन्हींचा हिशेब केला तर चाकाचा व्यास सुमारे ६६६ मिलिमीटरवरून ६५६ वर येतो. हा दीड टक्का क्षुल्लक वाटेल. पण मागचा भाग पाच मिलिमीटर खाली बसतो, पुढच्या काट्याचा कोन किंचित बदलतो, आणि वेगमापक मागच्या चाकावरून मोजत असल्याने थोडा अधिक वेग दाखवू लागतो. भाराचा आकडाही पाहावा लागतो. ६८ म्हणजे ३१५ किलो. इंधनासह अडीचशे किलोच्या आसपास भरणारी गाडी, वर दोन माणसे आणि सामानाच्या पेट्या. इथे कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला म्हणून घेणे हा निव्वळ अविचार. जर्मनीत एकेकाळी गाडीच्या कागदपत्रांतच कोणत्या कंपनीची कोणती जोडी चालेल हे लिहिलेले असे. जाच वाटावा असा नियम, पण पुढचा आणि मागचा टायर ही जोडी म्हणून वाचायची असते, एवढे शहाणपण त्यात होते. पुढे एका रचनेचा, मागे दुसऱ्या रचनेचा टायर, अशी सरमिसळ उत्पादकाने स्पष्ट मान्य केल्याशिवाय करू नये.

या दोन मोहांच्या मधली वाट मला योग्य वाटते, आणि सुदैवाने ती उपलब्ध आहे. जुन्या मापाचा, जुन्याच तिरप्या थरांचा, पण आजच्या रसायनाचा टायर. ब्रिजस्टोनचा बीटी-४५ वर्षानुवर्षे अशा गाड्यांचा आधार होता. त्याची जागा बीटी-४६ ने घेतली, आणि त्याच्या मागच्या टायरात ओल्या रस्त्यावर पकड देणारी सिलिका आली. मेट्झेलरने आपला रोडटेक ०१ जुन्या मापांतही काढला. स्पोर्ट टूरिंगचा कायमचा पेच असा, की सरळ महामार्गावर टायर मधोमध झिजून चौकोनी होतो आणि घाटात कड मऊ हवी असते. मध्ये कडक व कडेला मऊ असे दुहेरी रबर हा त्यावर निघालेला तोडगा आता या जुन्या मापांपर्यंतही पोचला आहे. मूळ रचनेचा मान राखून द्रव्य बदलणे, ही चांगल्या संपादकाची पद्धत आहे.

पण ही उपलब्धता कुणाच्या तरी हिशेबावर टिकून असते. इंग्लंडमधल्या मेल्कशॅम इथला एव्हन टायरचा कारखाना, जिथून जुन्या गाड्यांची अनेक मापे येत, २०२३ च्या अखेरीस बंद झाला. आणि गंमत अशी, की धोका सर्वांत जुन्या गाड्यांना नाही. सोळा व्हॉल्व्हची नंतरची के १०० आरएस उंबरठ्याच्या पलीकडची, रेडियलवर आलेली : पुढे १२०/७०-१७, मागे १६०/६०-१८. पुढे जगाने मागच्या चाकालाही सतरा इंच हे माप पसंत केले आणि १६०/६०-१८ हे माप जवळजवळ पोरके झाले. १९८३ च्या गाडीच्या मालकाला आज निवड करता येते. तिच्याहून सहा-सात वर्षांनी धाकट्या गाडीच्या मालकाला यादीत मोजकीच नावे सापडतात, आणि तो जी मिळेल ती जोडी, शिक्क्यावरचा आठवडा तपासून, घेऊन ठेवतो.