राज्याभिषेकोत्तर कागदांतील भाषापालट

जुन्या कागदाचा अस्सलपणा ठरवितांना भाषेची साक्ष काढण्याचा प्रघात आहे व तो योग्यहि आहे. परंतु ही साक्ष कोणत्या मर्यादेंत ग्राह्य धरावी, याचा विचार क्वचितच होतो. इ. स. १६७४ मध्यें रायगडीं राज्याभिषेक झाला, पुढें राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दफ्तरांतील फारशी लगोलग लोपली, अशी एक समजूत आढळते. त्यामुळें त्यानंतरच्या मितीच्या कागदांत फारशी शब्दांची गर्दी दिसली कीं तो बनावट ठरविण्यापर्यंत मजल जाते. आमच्या मतें ही समजूत निराधार आहे.

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १६२८, १६७७ व १७२८ या सालांच्या तीन पत्रांतील शब्द मोजून मराठी शब्दांचें प्रमाण शेंकडा सुमारें १४, ६२ व ९३ असें काढिलें. म्हणजे राज्याभिषेकानंतरहि हा पालट पुरता होण्यास पिढ्या लागल्या. तीन पत्रांवरून सबंध दफ्तराचा नियम बांधतां येणार नाहीं हें खरें. पत्राचा प्रकार बदलला कीं प्रमाणहि बदलतें. तथापि ओघाची दिशा व त्याची मंद गति यांवरून स्पष्ट होते.

हा पालट सर्वत्र सारखाहि नव्हता. 'सरनोबत' जाऊन 'सेनापति' रुजला; उलट मुद्रेंत 'प्रधान' म्हणविणारे लोकव्यवहारांत अखेरपर्यंत 'पेशवे'च राहिले. कालगणनेचें उदाहरण तर अधिक बोलकें आहे. राज्याभिषेक शक सुरू होऊनहि पेशवाईअखेर, म्हणजे १८१८ पर्यंत, दफ्तरांत सुहूर सन चालूच होता. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्या वर्षाचा सन 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१, असा अरबी अंकशब्दांनींच लिहिला जाई. कारण उघड आहे. सुहूर सन मृगारंभीं पालटतो. पेरणीचें व साऱ्याचें वर्ष त्याच्याशीं जुळलेलें. शिवाय वतनाचे हक्क जुन्या सनदांवर चालत. म्हणून जुनी शब्दयोजना नव्या सनदेंत उतरे. राजाज्ञेनें पदाचें नांव एका दिवसांत बदलतें. कारकुनाचा हात पिढीपिढीनें बदलतो.

सबब केवळ फारशी शब्दांवरून कागद त्याज्य ठरवूं नये. शिक्का, मोडीचें वळण, कागदाची जात आणि तिथि, वार व सन यांचा मेळ हीं सर्व पाहावीं. किंबहुना, मितीच्या मानानें फारच निर्भेळ मराठी असलेला कागदच अधिक कसून तपासावा. संशयित कागद जपून ठेवल्यास पुढें त्याचा निर्णय लागूं शकेल. टाकून दिलेला कागद मात्र पुन्हां मिळत नाहीं.