दारातली कुऱ्हाड

जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' (१९८२) ज्यांनी पाहिलाय त्यांना ती कुऱ्हाड आठवत असेल. अंटार्क्टिकावरचा जळून खाक झालेला नॉर्वेजियन तळ. दोन अमेरिकन आत शिरून काय झालंय ते बघतायत. एका दारात कुऱ्हाड रुतून बसलेली. कोणी मारली, कशावर मारली, आणि मारणाऱ्याने ती परत उपसली का नाही? उत्तर नाही. कॅमेरा पुढे सरकतो, आपण मात्र मनाने त्या दारापाशीच अडकतो.

२९ वर्षांनी, २०११ साली, हॉलिवूडने सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर खर्च करून त्या कुऱ्हाडीचा खुलासा केला. सिनेमाचं नावही पुन्हा 'द थिंग'च. तो यायच्या आधी फॅन मंडळींच्या जिवाची जी घालमेल झाली, आणि नंतर प्रत्यक्षात जे झालं, त्याची ही गोष्ट. (खाली स्पॉइलर्सच स्पॉइलर्स आहेत. १९८२ चा पाहिला नसेल तर आधी तो बघा, लेख कुठे पळून जात नाही.)

तर सुरुवात १९३८ पासून करायला लागेल. 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' नावाचं अमेरिकन मासिक होतं. त्याचा संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल. याने डॉन ए. स्टुअर्ट या टोपणनावाने स्वतःच्याच मासिकात ऑगस्टच्या अंकात एक दीर्घकथा छापली, 'हू गोज देअर?'. अंटार्क्टिकावरच्या संशोधकांना बर्फात गाडलेलं एक यान आणि गोठलेला एक परग्रहवासी सापडतो. बर्फ वितळतो, तो जिवंत होतो, आणि मग कळतं की तो कुठल्याही सजीवाची हुबेहूब नक्कल करू शकतो. कुत्र्याची, माणसाची, तुमच्या शेजारी जेवायला बसलेल्या मित्राची. झालं! आता खोलीत किती माणसं खरी आणि किती नकली? अख्खी गोष्ट या एका प्रश्नावर चालते.

१९५१ मध्ये यावर पहिला सिनेमा आला, 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड'. निर्माता हॉवर्ड हॉक्स, दिग्दर्शक म्हणून नाव ख्रिश्चन नायबीचं. गंमत म्हणजे त्यांनी कथेतली सगळ्यात भारी कल्पना, ती नक्कल करण्याची, काढूनच टाकली. अंटार्क्टिकाचं आर्क्टिक झालं आणि राक्षस झाला एक उंच, रक्तपिपासू, वनस्पतीपासून बनलेला माणूस. तरीही सिनेमा गाजला. लहानपणी तो बघून जी पोरं टरकली त्यात एक कार्पेंटर होता. त्याच्या 'हॅलोवीन' (१९७८) मध्ये टीव्हीवर हाच सिनेमा चालू असतो.

कार्पेंटरला संधी मिळाली तेव्हा तो हॉक्सच्या सिनेमाकडे न जाता थेट कॅम्पबेलच्या कथेकडे गेला. नक्कल परत आणली. रॉब बॉटिन नावाच्या जेमतेम २२ वर्षांच्या पोराला राक्षस बनवायचं काम दिलं. तो वर्षभर सुट्टी न घेता राबला, इतका की शेवटी त्याला हॉस्पिटलमध्ये भरती करावं लागलं. (डेडलाइन नावाचा प्राणी सगळ्याच इंडस्ट्रीत सापडतो.) रबर, फोम, रसायनं, तारा, हायड्रॉलिक्स... संगणक जवळजवळ नाहीच. कुत्र्याच्या पिंजऱ्यातल्या त्या भयानक सीनसाठी स्टॅन विन्स्टनची मदत घेतली.

आणि एवढं करून सिनेमा आपटला. २५ जून १९८२ ला तो लागला, त्याच दिवशी 'ब्लेड रनर' पण लागला, आणि दोनच आठवडे आधी आलेल्या 'ई.टी.'ने अख्ख्या अमेरिकेला गोड परग्रहवासीयाच्या प्रेमात पाडलं होतं. दीड कोटी डॉलर खर्च, अमेरिकेतली कमाई दोन कोटींच्या आत. समीक्षकांनी किळसवाणा म्हणून झोडपला. १९५१ च्या सिनेमाचे भक्त तर खवळलेच, खुद्द नायबीने जाहीर टीका केली. म्हणजे लक्षात घ्या, आज ज्या सिनेमाला हात लावायचा नाही असं आपण म्हणतो, तो त्या काळच्या फॅन लोकांच्या दृष्टीने एका क्लासिकची वाट लावणारा रिमेक होता. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवर तो हळूहळू लोकांना सापडत गेला आणि आज हॉररच्या कुठल्याही यादीत वरच असतो.

आता मुद्द्याकडे. मार्क अब्राहम आणि एरिक न्यूमन या निर्मात्यांना युनिव्हर्सलच्या जुन्या सिनेमांमधून काहीतरी नवीन करायचं होतं. 'द थिंग'चा रिमेक करणं त्यांनाही पटत नव्हतं. मग वाट सापडली ती १९८२ च्या सिनेमातच. त्याची सुरुवात आठवा. पांढऱ्याशुभ्र बर्फातून एक कुत्रा पळतोय, वरून हेलिकॉप्टरमधला नॉर्वेजियन माणूस त्याच्यावर गोळ्या झाडतोय. म्हणजे आपण थिएटरात शिरायच्या आधीच एक अख्खा सिनेमा होऊन गेलाय, आपल्याला दिसतोय तो त्याचा शेवटचा सीन. मग तोच का करू नये?

ही बातमी पसरली तेव्हा फॅन लोकांमध्ये दोन तट पडले. आशा करणाऱ्यांची बाजू अशी: रिमेक नाही हे किती बरं. नॉर्वेजियन भूमिकांसाठी खरे नॉर्वेजियन नट घेतायत, त्यांच्या भाषेत बोलणार आहेत. (त्यातला एक क्रिस्टोफर हिव्ह्यू, जो पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये लाल दाढीवाला टॉरमुंड झाला.) राक्षस अ‍ॅलेक गिलिस आणि टॉम वुडरफ यांच्या कंपनीकडे दिलेत, म्हणजे विन्स्टनच्या हाताखाली तयार झालेली माणसं, खरीखुरी यंत्रं आणि रबर वापरणारी.

काळजी करणाऱ्यांची बाजू: दिग्दर्शक माथेस फान हायनिंगन ज्युनियर, पहिलाच सिनेमा. स्टुडिओ ऐनवेळी सगळं कॉम्प्युटरवर करणार. नॉर्वेजियन तळावर मुख्य पात्र म्हणून एक अमेरिकन बाई आणून बसवली आहे. आणि सगळ्यात मोठी अडचण, शेवट आधीच माहीत आहे. तळ जळणार, कुत्रा पळणार. मग बघायचं काय?

या मंडळींनी काम मात्र मनापासून केलं हे मान्य करायलाच हवं. पटकथा आधी रोनाल्ड मूरने लिहिली, मग एरिक हायसररने नव्याने लिहिली (हाच पुढे 'अरायव्हल' लिहिणारा). १९८२ चा सिनेमा हाच त्यांचा स्पेक होता. त्या पडक्या तळात जे जे दिसतं त्या प्रत्येकाला कारण हवं. पोकळ झालेली बर्फाची लादी, दोन चेहरे एकमेकांत वितळलेलं प्रेत, खुर्चीत स्वतःचा गळा चिरून गोठलेला माणूस, आणि दारातली कुऱ्हाड. ज्यांनी कधी दुसऱ्याचा कोड वाचून 'इथे हे का लिहिलंय?' असं डोकं खाजवलंय त्यांना हे काम कळेल. मूळ लेखक विचारायला नाही, डॉक्युमेंटेशन नाही, आणि आउटपुट मात्र तंतोतंत जुळलं पाहिजे.

यातला विनोद असा की तो नॉर्वेजियन तळ मुळात नॉर्वेजियन तळ नव्हताच. कार्पेंटरने कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये अमेरिकन तळाचा सेट बांधला, सिनेमाच्या शेवटासाठी तो उडवून दिला, आणि उरलेल्या राखरांगोळीतच 'नॉर्वेजियन तळ' शूट करून पैसे वाचवले. म्हणजे २०११ च्या लोकांनी ज्या अवशेषांचा इतक्या निष्ठेने अभ्यास केला ते एका बजेट-हॅकचे अवशेष होते!

आणि तरी या बंधनातूनच त्यांना एक झकास कल्पना सुचली. १९८२ मध्ये खरा-खोटा ओळखायला गरम तार रक्तात बुडवायची परीक्षा आहे. तीच परत वापरता येत नव्हती. मग यांनी शोधलं की हा प्राणी फक्त सजीव पेशींची नक्कल करतो, निर्जीव वस्तूंची त्याला जमत नाही. दातातलं फिलिंग, हाडात बसवलेली धातूची पट्टी, कानातलं, हे सगळं तो बाहेर टाकतो. त्यामुळे नायिका केट (मेरी एलिझाबेथ विन्स्टेड) एकेकाला तोंड उघडायला लावून टॉर्चने दात बघते. ज्याचे दात धडधाकट तो संशयित! शेवटी एका माणसाच्या कानात डूल नाही एवढ्यावरून ती त्याला जाळते. हे कॅम्पबेलच्या तोडीचं आहे, माझ्या मते. जुन्या कथेत हे नव्हतं, पण तिच्या नियमांमधून सरळ निघतं.

मग घात कुठे झाला? फॅन लोकांची एक भीती शब्दशः खरी ठरली. गिलिस आणि वुडरफने बनवलेले यांत्रिक राक्षस सेटवर वापरले, शूट केले, आणि नंतर स्टुडिओच्या निर्णयाने बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर कॉम्प्युटर ग्राफिक्स चढवले. शेवटही पुन्हा शूट झाला. मूळ शेवटात यानात एक मेलेला परग्रहवासी पायलट होता. तो गेला, त्याच्या जागी हवेत तरंगणारे रंगीत चौकोनी ठोकळे आले. फॅन लोकांनी त्याला 'टेट्रिस' नाव ठेवलं ते कायमचंच. १४ ऑक्टोबर २०११ ला सिनेमा लागला आणि जगभरातून खर्चही निघाला नाही.

चुका पकडणारेही होते. १९८२ च्या सिनेमात नॉर्वेजियन लोकांची व्हिडिओ टेप सापडते. तीत ते यानाभोवती उभे आहेत आणि बर्फ उडवायला थर्माइट लावतायत. २०११ मध्ये हे कुठेच नाही. कुऱ्हाड जुळली, टेप निसटली.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते आणि निष्कर्षही ठरलेला असतो: कॉम्प्युटरने सिनेमा मारला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण या थिअरीची चाचणी झाली आहे. गिलिस आणि वुडरफने आपल्या मूळ यंत्रांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. लोक हळहळले आणि म्हणाले, आम्ही पैसे देतो, तुम्ही तुमच्या पद्धतीने सिनेमा करा. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर साडेतीन लाख डॉलरहून जास्त जमले. बर्फ, जहाज, रूप बदलणारा राक्षस, आणि राक्षसासाठी कॉम्प्युटर अजिबात नाही. 'हार्बिंजर डाउन' (२०१५). राक्षस खरोखर हाताने बनवलेले आहेत आणि सिनेमा... बरा आहे. एवढंच. बजेट फारच तुटपुंजं होतं हे कबूल. पण फक्त रबर परत आणून 'द थिंग' परत येत नाही एवढं तरी सिद्ध झालं.

मग दुसरं काय कारण असेल? त्याचं उत्तर मला मिळालं ते अनपेक्षित ठिकाणी. २०१८ मध्ये कॅम्पबेलवर पुस्तक लिहिणाऱ्या अ‍ॅलेक नेव्हाला-ली याला हार्वर्डमधल्या कागदपत्रांत 'हू गोज देअर?'चं जुनं, मोठं हस्तलिखित सापडलं. नाव 'फ्रोझन हेल'. २०१९ मध्ये ते छापूनही आलं. छापील कथेपेक्षा त्यात सुमारे ४५ पानं जास्त आहेत, आणि ती सगळी सुरुवातीची आहेत. संशोधक बर्फात शोध घेतात, यान सापडतं, तो प्राणी सापडतो, इत्यादी. छापील कथा सुरू होते तेव्हा बर्फाची लादी तळावर आलेली असते आणि माणसं तिच्याभोवती वाद घालत उभी असतात.

थोडक्यात, प्रीक्वेल १९३८ मध्ये लिहून तयार होता. आणि कॅम्पबेलने स्वतःच्या हाताने तो कापून टाकला.

ती पानं वाईट होती म्हणून कापली असं मला वाटत नाही. पण ती वाचून झाल्यावर वाचकाला सगळं माहीत असतं, आणि या गोष्टीचं इंजिन चालतं ते माहीत नसण्यावर. समोरचा कोण आहे हे माहीत नाही, कधी बदलला ते माहीत नाही. कार्पेंटरनेही नकळत तीच कात्री चालवली. त्याने नॉर्वेजियन लोकांची गोष्ट सांगितली नाही, फक्त तिची राख दाखवली. त्या दारातली कुऱ्हाड ज्याने त्याने आपापल्या भीतीने उगारलेली होती. २०११ मध्ये ती एका ठराविक राक्षसावर उगारली गेली, दारात रुतली, आणि तिथेच राहिली. बरोबर जिथे राहायला हवी होती तिथे. आणि मला आठवतंय, मनात आलं होतं, 'अच्छा, हे होय!'

त्या 'अच्छा'मध्येच सगळं आलं. फॅन म्हणून आपण बरोबर हेच मागितलं होतं. मूळ सिनेमाशी इमान राखा, एकूण एक धागा जुळवा. त्यांनी जुळवला. उलट कार्पेंटरने १९५१ च्या भक्तांचं काहीही ऐकलं नव्हतं, म्हणून तर आपल्याला 'द थिंग' मिळाला. त्यामुळे आता कुठल्या आवडत्या सिनेमाचा प्रीक्वेल येतोय असं कळलं की 'ते मूळ बिघडवतील का?' ही काळजी मी फारशी करत नाही. मूळ सिनेमा आहे तिथेच असतो. मी बघतो ते इतकंच, की यांच्याकडे त्या दातातल्या फिलिंगसारखं स्वतःचं काही आहे का, की नुसतीच कुऱ्हाड जागेवर ठेवायची आहे.

असो. एक मात्र नक्की करून बघा. २०११ चा सिनेमा संपला की उठू नका. श्रेयनामावलीच्या मधे मधे उजाडतं, जळका तळ दिसतो, एक कुत्रा पळत सुटतो आणि लार्स हेलिकॉप्टरमध्ये चढतो. मागे एन्यो मोरिकोनेचं जुनं संगीत. तिथे थांबवून लगेच १९८२ चा लावा. तोच कुत्रा, तेच हेलिकॉप्टर. दोघांमधल्या २९ वर्षांची शिवण फारशी दिसत नाही. मग मॅक्रेडी त्या दारापाशी पोहोचेल तेव्हा कुऱ्हाडीकडे बघा, आणि तिथे कोण होतं हे विसरता येतंय का ते सांगा.

मला अजून जमलेलं नाही.