सुरतेची फात्मा बेगम

सुरत म्हटली की आपल्याला शिवाजी महाराजांची 1664 ची स्वारी आठवते. थोडे जास्त वाचलेल्याला 1907 चे काँग्रेसचे फुटलेले अधिवेशन. पण हिंदुस्थानातली पहिली स्त्री चित्रपट-दिग्दर्शक सुरतेकडची होती आणि आपल्या चित्रपटाची कथाही ती स्वतःच लिहीत असे, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

नाव फात्मा बेगम. जन्म 1892 चा. उर्दू रंगभूमीवर काम करायच्या. सुरतेजवळच्या सचिन संस्थानच्या नवाबाशी त्यांचे नाव जोडले जाते. (हे नवाब म्हणजे आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींचीच शाखा. 1791 मध्ये पेशव्यांशी करार होऊन जंजिऱ्यावरच्या हक्काच्या बदल्यात त्यांना सचिन मिळाले. कोकणाचे धागे कुठवर जातात पाहा!) लग्नाचा कागद मात्र नाही. मुलींना नवाबाने आपले म्हटल्याचीही नोंद नाही. असो. सुलताना, झुबेदा आणि शहजादी या तिन्ही मुली आईच्या मागोमाग सिनेमात आल्या.

तो काळ कसा होता? 1913 मध्ये फाळक्यांच्या तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या खऱ्या, पण तो अपवाद. नाटकांत तर आपल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथच 'भावबंधन'मधली लतिका! आणि आपल्याकडे गाणाऱ्या-नाचणाऱ्या घरांतल्या बायकांना समाज काय म्हणत होता, ते गोंयकाराला वेगळे सांगायला नको. अशा वेळी, 1922 च्या 'वीर अभिमन्यू'त फात्मा बेगम सुभद्रा झाल्या. उत्तरा होती त्यांचीच मुलगी सुलताना.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी चालले असते. पण 1926 मध्ये त्यांनी स्वतःची फात्मा फिल्म्स ही कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' केला. लेखन त्यांचे, दिग्दर्शनही त्यांचेच. मूकपटाच्या लेखकाला संवाद लिहायचे नसतात, मग तो लिहितो तरी काय, असे कुणी विचारील. प्रसंगामागून प्रसंग अशा रीतीने लावायचे की न बोलता गोष्ट कळावी, आणि जिथे कळणार नाही तिथे दोन ओळींची पाटी. ती पाटी पुन्हा दोन-तीन भाषांत. पऱ्या, जादू, कॅमेऱ्याच्या करामती हा सगळा मालमसाला उर्दू-पारशी रंगभूमीच्या ओळखीचा. बाई त्याच रंगभूमीवर वाढलेल्या. पुढे 'हीर रांझा', 'शकुंतला' वगैरे चित्रपटही त्यांनी केले.

'बुलबुल-ए-परिस्तान'ची एकही प्रत आज उरलेली नाही. सरकारी कचेरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हा प्रकार नवा नाही. आवक रजिस्टरात नोंद असते, नंबर असतो, तारीख असते, फक्त फाईल नसते! तिथे निदान कुणाला तरी जाब विचारता येतो.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. पहिला बोलपट. त्याची नायिका झुबेदा, म्हणून तिचे नाव शाळकरी पोरांनाही प्रश्नमंजूषेमुळे पाठ असते. तो चित्रपटही हरवलाच. लेकीचे नाव तरी राहिले, आईचे तेवढेही नाही.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते 1964 साली. तेव्हा फात्मा बेगम बहात्तर वर्षांच्या होत्या. त्यानंतर एकोणीस वर्षे त्या हयात होत्या. 1983 मध्ये गेल्या.