गुडघ्यातला दिवा

भंडारा जिल्ह्यातील आसगावचा मुलूख धानाचा. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्याला गुडघ्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. हा गुडघा आतून दुखावला, तर हल्ली शल्यवैद्य पुष्कळदा तो उघडीत नाहीत. बोराच्या आठळीएवढ्या छेदातून दिव्याची बारीक दुर्बीण आत सोडतात, दुसऱ्या छेदातून हत्यार. आणि नजर ठेवतात समोरच्या पडद्यावर. हात एकीकडे, डोळे दुसरीकडे! चुकून कूर्चेवर ओरखडा उमटला, तर ती पूर्ववत भरून येत नाही. मग नवशिक्याने हात बसवावा तरी कोणाच्या गुडघ्यावर?

प्रश्न जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत ‘योग्या’ म्हणजे सराव, यासाठी एक अध्यायच आहे. कापणे शिकावे कोहळ्या-दुध्यावर, शिवणे कापडावर आणि मऊ कातड्यावर, पट्टी बांधणे माणसाच्या पुतळ्यावर. शास्त्र पुष्कळ ऐकले पण योग्या केली नाही, तो शिष्य कर्माला अयोग्यच, असा तिथला निर्वाळा.

१७९३ च्या सुमारास पुण्याकडे कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडविले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात आली. ती वाचून कार्प्यू या शल्यवैद्याने आधी प्रेतांवर हात बसविला. जिवंत रोग्यावर शस्त्र धरले ते १८१४ साली.

गुडघ्याचेही तसेच झाले. १९१८ साली तोक्योच्या केन्जी ताकागींनी मूत्राशयाची दुर्बीण प्रथम घातली, ती प्रेताच्या गुडघ्यात. क्षयाने आखडणारा गुडघा वेळीच ओळखावा, ही त्यांची तळमळ. कारण जमिनीवर बसणाऱ्या समाजात ताठ गुडघा म्हणजे पंगतीतून उठणेच. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली दुर्बिणीतून पाहत गुडघ्यातील फाटक्या गादीचा तुकडा काढला. पुढे टोरोंटोचे रॉबर्ट जॅक्सन ही विद्या त्यांच्याकडूनच शिकले.

आजचा शिष्य याच वाटेने जातो. आधी प्लास्टिकचा गुडघा, संगणकावरचा गुडघा, दान केलेला देह. मग गुरूशेजारी उभे राहून दुर्बीण धरणे, नुसते पाहणे. आणि शेवटी गुरूच्या नजरेखाली कापणे. दुर्बीण आणि हत्यार यांची टोके आत न चाचपडता भेटू लागली, की हात बसला म्हणावे.

पूर्वी मूल धूळपाटीवर गिरवून मगच कागदाकडे वळे. रोगी ही कुणाची धूळपाटी नव्हे, एवढेच या साऱ्या इतिहासाचे सांगणे. रोवणीत झिजलेला एखादा गुडघा टेबलावर येईल, तेव्हा आतल्या त्या इवल्या दिव्यामागे हा सगळा सराव उभा असावा.