जुन्या मर्सिडीजला मोबाईलचं ओबीडी अ‍ॅप चालतं का?

धुळे-जळगावकडे कुणी जुनी मर्सिडीज घरीच दुरुस्त करायला काढली की मला हमखास विचारतात, ‘ब्लूटूथ डोंगल लावून मोबाईलवर फॉल्ट दिसेल ना?’ गाडी डब्ल्यू१२४ असेल, म्हणजे १९९५ पासून पुण्यात जोडली गेलेली ई-क्लास, तर नाही दिसणार. डोंगलला १६ पिनांचं ओबीडी-२ सॉकेट लागतं. अमेरिकेत ते १९९६ च्या मॉडेल्सपासून सक्तीचं झालं. या गाडीच्या शेवटच्या वर्षांतल्या मॉडेल्समध्ये बॉनेटखाली ३८ पिनांचं गोल सॉकेट असतं. अडॅप्टर मिळतो, पण तो फक्त आकार जुळवतो. गाडी ओबीडी-२ ची भाषा बोलतच नाही, मग अ‍ॅप वाचणार काय?

त्यापेक्षा मोबाईलच्या उजेडात वायरिंग बघा. १९९३ ते ९५ च्या अनेक पेट्रोल इंजिनांच्या वायरिंगचं इन्सुलेशन उष्णतेने कडक होऊन गळून पडतं. (आपल्याकडचा मे महिना तर विचारूच नका!) उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर महागडं कंट्रोल युनिट जळू शकतं. म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मग बाहेरचं आवरण थोडं सरकवून आतल्या वायरी तपासा, कारण वरून सगळं ठीकच दिसतं. तडे असतील तर टेप गुंडाळत बसू नका, पूर्ण हार्नेस बदला. पेंट-पॉलिशचा खर्च त्यानंतर.