कार्मिला

रक्तपिपासू स्त्रीवरची इंग्रजीतील अभिजात दीर्घ भयकथा. लेखक डब्लिनचे जोसेफ शेरिडन ले फानू (१८१४–७३). लंडनच्या ‘द डार्क ब्लू’ मासिकात ती १८७१-७२ मध्ये क्रमशः आली आणि १८७२ मध्ये ‘इन अ ग्लास डार्कली’ या संग्रहात समाविष्ट झाली. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ ची. म्हणजे स्त्री पिशाच्च ड्रॅक्युलाहून पंचवीस वर्षांनी वडील.

कथा ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात घडते. एकोणीस वर्षांची लॉरा वडिलांसोबत रानातल्या एकाकी गढीत राहते. गढीसमोर एक घोडागाडी उलटते. गाडीतली उमराव बाई तातडीच्या प्रवासाचे निमित्त सांगून आपली मुलगी कार्मिला हिला तीन महिन्यांसाठी लॉराच्या वडिलांच्या हवाली करते आणि निघून जाते. पाहुणी दिवस डोक्यावर आल्याशिवाय खाली येत नाही, रात्री दार आतून बंद करते, घराण्याचे नाव सांगत नाही. लॉरावर मात्र तिचा जीव जडतो, आणि लॉराला तिची ओढही वाटते व शिसारीही. इकडे आसपासच्या खेड्यांतल्या मुली दगावू लागतात. त्यांतल्या एकीची अंत्ययात्रा जाताना स्तोत्राचे सूर कार्मिलाला सोसवत नाहीत. पुढे ताईत विकणारा एक कुबडा फेरीवाला खालूनच तिचा सुईसारखा दात हेरतो आणि कानशीने घासून देऊ का, असे विचारतो. ती संतापाने लाल होते. खरे निदान सर्वांत आधी त्या फेरीवाल्याने केलेले असते, पण ते कोणी मनावर घेत नाही.

पुढे जुन्या चित्रांच्या साफसफाईत १६९८ सालचे एक चित्र निघते : काउंटेस मिरकाला कार्नस्टाइन. चेहरा हुबेहूब कार्मिलाचा, गळ्यावरचा तीळसुद्धा. एका सेनापतीच्या घरी हीच तरुणी मिलार्का नावाने राहून त्याच्या पुतणीचा जीव घेऊन गेलेली असते. अक्षरे तीच, क्रम वेगळा. शेवटी मिरकालाचे थडगे उघडतात तेव्हा शवपेटीत काही इंच रक्त साचलेले असते. हृदयात खुंटी, शिरच्छेद, दहन आणि राख नदीत, असा सगळा सोपस्कार पार पडतो. हा भाग घाईचा वाटतो. ऐनवेळी अवतरलेला बॅरन सारे उलगडून सांगतो, आणि कथेचा सरकारी अहवाल होतो.

मराठी वाचकाला हडळ, जखीण, लावसट ही मंडळी परिचयाची असते. पण त्यांचा मुक्काम पाणवठ्याला, चिंचेवर, शिवेबाहेर. उलट्या पावलांवरून त्या ओळखू येतात, आणि बहुधा बाळंतपणात किंवा अपुऱ्या इच्छेने झालेला मृत्यू त्यांच्यामागे असतो. कार्मिलाला ओळखण्याची अशी उघड खूण नाही. यजमानच तिला आग्रहाने ठेवून घेतो. आतिथ्याचाच असा घात होणे, ही या कथेची खरी धार.

बहुतेक रूपांतरकारांना मात्र दोन मुलींमधली जवळीकच अधिक भावली. कार्ल ड्रेयर यांच्या ‘व्हॅम्पायर’मध्ये (१९३२) मूळ संग्रहाचे श्रेय आहे, पण तिथले पिशाच्च म्हणजे एक म्हातारी. रोजे वादीम यांनी १९६० मध्ये कथा समकालीन इटलीत नेली. ब्रिटनच्या हॅमर कंपनीने ‘द व्हॅम्पायर लव्हर्स’ (१९७०) मध्ये इंग्रिड पिटला घेऊन लेखकाने झाकून ठेवलेले सगळे उघडे केले. त्यापाठोपाठ १९७१ मध्ये आणखी दोन चित्रपट आले. कॅनडातील ‘कार्मिला’ ही वेबमालिका (२०१४–१६) या सर्वांत खेळकर : लॉरा पत्रकारितेची विद्यार्थिनी आणि कार्मिला तिची खोलीतली जोडीदार. मालिकेला पैसा पुरवला तो सॅनिटरी पॅडच्या एका ब्रँडने. एमिली हॅरिस यांच्या २०१९ च्या चित्रपटाने अद्भुत जवळजवळ वगळून केवळ संशय ठेवला.

मराठीत पिशाच्चकथा रुजवण्याचे मोठे काम नारायण धारप (१९२५–२००८) यांचे. पण त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली, आणि किंग यांच्यासमोर नमुना होता तो ड्रॅक्युलाचा. मराठी वाचकाकडे या घराण्याची पुरुष शाखा आधी आली.