गाठ कुठे पडली, कशाने सुटली?

कर्जत तालुक्यातल्या कडावच्या शेतकऱ्याला भाताचा क्रम शिकवावा लागत नाही. राब भाजला, पेर झाली, आवण काढून लावणी केली, मग कापणी आणि झोडणी. एक पायरी चुकली की पुढची बिघडते. नाटकाच्या कथानकाचेही असेच आहे बरे का! भरताच्या नाट्यशास्त्रात त्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. कथेच्या मुळाला तर तिथे 'बीज' असेच नाव आहे.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. गोष्ट पुराणातली, धनुष्य कोण उचलणार हे प्रेक्षक घरूनच ठाऊक करून आलेला. १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' आले. ही गोष्ट पुराणातली नव्हती, शेजारच्या घरातली होती. आता पुढे काय, हा घोर प्रेक्षकाला लागला.

हिचे बीज कोणते? कांचनभटाचा पैशाचा लोभ. त्यापायी तो कोवळ्या शारदेला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. तिची सुटका हे फळ धरा. तरुण कोदंड ते मनावर घेतो, हा आरंभ. त्याची धडपड हा प्रयत्न. ऐन लग्नात वधूवर सगोत्र निघतात, लग्न मोडते. इथे आशा दिसते. पण मोडल्या लग्नाची मुलगी कोण पत्करणार? शारदा जीव द्यायला निघते. कोदंड तिला वाचवतो, तिच्याशी लग्न करतो, हा फलागम.

आता एक विचारतो. लग्न कशाने मोडले? मुलगी लहान म्हणून? नाही! गोत्र एक निघाले म्हणून. त्या काळी शास्त्राला सगोत्र विवाह चालत नव्हता, जरठ-बाला विवाह मात्र चालत होता. देवलांनी गाठ सोडवली ती त्या समाजाला मान्य होईल अशाच दोऱ्याने. गाठ कशाने सुटते, यावरून तो काळ ओळखता येतो तो असा.

कायदा झाला १९२९ साली. मुलीचे वय किमान १४ ठरले. लोक त्याला शारदा कायदा म्हणू लागले, पण ते नाव अजमेरच्या हरविलास सारडांवरून पडले. नाटकाशी जुळले तो निव्वळ योगायोग. आज हे वय १८ आहे.

गुरुजी, वर्गात गोष्ट सांगून झाली की 'पुढे काय झाले?' एवढ्यावर थांबू नका. 'कशामुळे झाले?' हेही विचारा. मुले बीज शोधतील. शोधता शोधता एखादी मुलगी आपल्याच घरातले बीज ओळखील, आणि वेळेवर बोलेल.